मानेतील गाठ आणि उपचारांचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या आरोग्य-व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या आनंदात, हळदीकुंकू आणि बक्षीस-समारंभ यांच्या मधोमध आजाराचे बोलणे काढणे बरे दिसत नाही, याची मला जाणीव आहे. चिटणीसबाईंनी व्याख्यानाविषयी विचारले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. मी डॉक्टर नाही. तेहतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यांपैकी बरीचशी कर्करोगाच्या वॉर्डात गेली, एवढेच. तिसऱ्यांदा त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नर्स म्हणून बोलू नका, घरातली बाई म्हणून बोला." तेव्हा मात्र मला नाही म्हणवले नाही. कारण नर्स म्हणून मला जे ठाऊक होते ते घरातली बाई म्हणून मी विसरले होते, आणि आज सांगायचे आहे ते तेच.

२०१८ सालची दिवाळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी ह्यांना तेल लावीत होते. पाठ झाली, खांदे झाले, आणि मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, माझ्या बोटांना एक गाठ लागली. लहान लिंबाएवढी असेल. दुखत नव्हती. मी विचारले, "अहो, हे कधीपासून?" ते म्हणाले, "असेल महिना-दीड महिना. दाढी करताना लागते. दाढ दुखत होती ना, त्याचीच असेल." मी म्हटले, "असेल," आणि उटण्याची वाटी पुढे ओढली.

भगिनींनो, हेच दुसऱ्या कोणी मला सांगितले असते तर मी त्यांना त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठविले असते. स्वतःच्या घरात मात्र मी दाढेवर विश्वास ठेवला.

ही गाठ म्हणजे काय, ते आधी सांगते. आपल्या शरीरात रक्ताच्या वाहिन्या आहेत, तशाच आणखी एका पातळ द्रवाच्या बारीक वाहिन्या आहेत. पेशींच्या अवतीभवती झिरपलेले पाणी त्या गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. या पाण्याला लसिका म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान लहान ग्रंथी असतात. त्या गाळणीचे काम करतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथली गाळणी कामाला लागल्याची ती खूण. मानेत अशा शेकडो ग्रंथी आहेत, कारण तोंड, नाक आणि घसा या तिन्ही वाटांनी बाहेरचे सगळे आत येत असते. दात किडला, घसा बसला, की मानेत गाठ येते आणि दोन आठवड्यांत जाते. आपल्या देशात क्षयाच्या गाठीही पुष्कळ दिसतात. म्हणून मानेतली प्रत्येक गाठ कर्करोगाची, असे मुळीच नाही.

परंतु घशात कर्करोग झाला, तर त्याच्या सुट्या झालेल्या पेशी याच पाण्याबरोबर वाहत जाऊन या गाळणीत अडकतात आणि तिथे वाढू लागतात. पुष्कळदा घशातले मूळ दुखणे इतके लहान असते की गिळताना काही जाणवत नाही, आणि मानेतली गाठ हीच पहिली खूण ठरते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेतली गाठ दुखत नसेल आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नसेल, तर ती दाखविलीच पाहिजे. न दुखणारी गाठ बरी, असे आपण समजतो. ती समजूत चुकीची आहे.

आम्ही अखेर डिसेंबरात गाठ दाखविली. सुई घालून तपासणी झाली. आत नुसते पिवळसर पाणी निघाले, त्यात काही सापडले नाही. "पाण्याची गाठ दिसते, लक्ष ठेवा," असे आम्हांला सांगण्यात आले. मी देवापुढे साखर ठेवली. टॉन्सिलच्या एका जातीच्या कर्करोगात मानेतली गाठ आतून पोकळ आणि पाण्याने भरलेली असते आणि ती साध्या गाठीसारखी फसविते, हे मी वॉर्डात पाहिलेले होते. परंतु आनंदाची बातमी मिळाल्यावर माणूस शंका काढीत नाही. फेब्रुवारीत गाठ मोठी झाली आणि तिच्याजवळ दुसरी लागली, तेव्हा आम्ही कर्करोगाच्या इस्पितळात गेलो. तिथे सोनोग्राफीत पाहत पाहत सुई गाठीच्या घट्ट भिंतीत घातली आणि निदान झाले. पेट स्कॅनमध्ये मूळ जागा सापडली, डावा टॉन्सिल. दिवाळीपासून मोजले तर तीन महिने गेले होते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गेले होते.

आता थोड्या संकोचाची गोष्ट सांगते. सगळ्या बायकाच आहोत, म्हणून सांगते. तपासणीत पी-सोळा नावाची एक चाचणी असते. ती ह्यांची आली. तिचा अर्थ असा, की हा कर्करोग एच. पी. व्ही. नावाच्या विषाणूमुळे झालेला आहे. या विषाणूच्या जातीच पुष्कळ आहेत. त्यांतल्या सोळा क्रमांकाच्या जातीमुळे बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो आणि तीच टॉन्सिलमध्येही रोग करते. तो शरीरसंबंधातून पसरतो. ते वाक्य वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. चाळीस वर्षांचा संसार मी अंथरुणावर पडल्या पडल्या उलटा-सुलटा तपासून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी किरणोपचाराच्या डॉक्टरबाईंना एकटी भेटले. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "ताई, हा विषाणू इतका सर्वत्र आहे, की बहुतेक माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो शिवून जातो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातोही. थोड्यांच्यात राहतो, आणि रोग व्हायला वीस-तीस वर्षे लागू शकतात. तो कोणाकडून आला, केव्हा आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तुमच्याकडून त्यांना आला असेल, असेही होऊ शकते." हे शेवटचे वाक्य ऐकून मी गप्पच झाले. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नाही, तो मी ह्यांना कधी विचारला नाही. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर आजारी माणसाच्या उशाशी बसून हा हिशेब मांडू नका, एवढेच सांगेन.

या जातीच्या कर्करोगात एक चांगली गोष्टही आहे. तंबाखूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगापेक्षा तो उपचारांना पुष्कळ अधिक दाद देतो. २०१० साली अमेरिकेतील अभ्यासाने हे स्पष्ट केले. विषाणूजन्य रोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ब्याऐंशी तीन वर्षांनंतर हयात होते, आणि बाकीच्यांपैकी शंभरात सत्तावन. म्हणून पुढे रोगाच्या पायऱ्या मोजण्याचे पुस्तकच बदलले. आमच्या वेळच्या पुस्तकाप्रमाणे मानेत एकाच बाजूला दोन गाठी म्हणजे चौथी पायरी. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या पुस्तकाप्रमाणे टॉन्सिलमधला रोग लहान असेल आणि गाठी त्याच बाजूच्या व सहा सेंटिमीटरच्या आतल्या असतील, तर पहिली पायरी. डॉक्टरबाईंनी "पहिली पायरी" म्हटले तेव्हा माझा विश्वास बसेना. माझ्या हातांनी अशा चौथ्या पायरीच्या किती फायली बांधल्या होत्या!

इथून आमच्या घरात वाद सुरू झाला.

हे निवृत्त शिक्षक. गुरुवारच्या भजनात अभंग म्हणणारे. उपचारांत लाळ आटते, गिळणे अवघड होते, आवाज बदलतो, हे कळल्यावर ते हबकले. त्यातच इंग्लंडहून मुलाचा फोन आला, "बाबा, या जातीच्या कर्करोगाला आता इकडे उपचार कमी करायला लागले आहेत." ह्यांनी ते वाक्य घट्ट धरले. "पहिली पायरी आहे, रोग दाद देणारा आहे, मग मला अर्धेच औषध द्या," असे त्यांचे म्हणणे.

आणि माझे म्हणणे नेमके उलटे! मला जितके अधिक तितके हवे होते. किरण द्या, औषध द्या, आणि मानेतल्या सगळ्या गाठी कापूनही काढा. आज मला कळते की त्यात रोगाचा विचार थोडा होता. त्या तीन महिन्यांचे प्रायश्चित्त मी ह्यांच्या मानेवर घेऊ पाहत होते.

डॉक्टरबाईंनी दोघांचे ऐकून घेतले, आणि दोघांचेही मानले नाही. त्यांनी जे समजावून सांगितले, आणि पुढे मी स्वतः विचारून, वाचून जे समजून घेतले, ते थोडक्यात सांगते.

प्रथम माझ्या मागणीविषयी. मानेच्या गाठी एकगठ्ठा काढण्याची शस्त्रक्रिया १९०६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून मांडली. गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी नीला आणि खांदा उचलणारी नसही त्यात जात असे. पुढे कित्येक दशके हीच रीत होती. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. रोग गेला, परंतु खांदा लोंबला. हात वर जाईना. त्या मला म्हणत, "बाई, जीव राहिला, पण अंबाडा गेला." त्यांची वेणी मी घालीत असे. १९६३ साली अर्जेंटिनाच्या डॉ. ओस्वाल्दो सुआरेझ यांनी दाखविले की स्नायू, नीला आणि नस राखूनही गाठी काढता येतात. ही रीत हळूहळू सर्वत्र रुळली. म्हणजे उपचार कमी करण्याची गोष्ट काही कालची नाही. कमी करूनही रोग तितकाच जातो हे दिसले, म्हणून ते कमी झाले.

परंतु प्रत्येक ठिकाणी कमी हेच बरे, असेही नाही. त्याचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. तोंडाचा कर्करोग आरंभीचा असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मान उघडावी की गाठ येईपर्यंत थांबावे, हा जुना वाद होता. टाटा मेमोरियल इस्पितळात डॉ. अनिल डि'क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नीट तपासून पाहिला आणि २०१५ साली पाचशे रुग्णांचा निष्कर्ष जगापुढे ठेवला. ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी शंभरात ऐंशी तीन वर्षांनी हयात होते. जे थांबले, त्यांच्यापैकी शंभरात साडेसदुसष्ट. म्हणजे शंभरात बारा-तेरा माणसांचा फरक! हाताला लागत नाही म्हणून गाठ नाही, असे नव्हे. आपल्याकडे तंबाखू आणि सुपारीपायी तोंडाचा कर्करोग फार, म्हणून ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

"मग ह्यांचीही मान का उघडीत नाही?" मी विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, यांचा रोग टॉन्सिलचा आहे, आणि तो किरणांना चांगली दाद देतो. स्कॅनमध्ये गाठीचे कवच एका जागी फुटल्यासारखे दिसते. आपण आधी कापले आणि कवच खरोखरच फुटलेले निघाले, तर नंतर किरण आणि औषध दोन्ही द्यावेच लागणार. म्हणजे दोनाऐवजी तीन उपचार होतील आणि तिन्हींचा त्रास त्यांना. तुमच्या कापण्याने दुसरे काही वाचणार नाही."

या दोन वाक्यांनी माझे तोंड बंद झाले.

आता ह्यांच्या मागणीविषयी. इंग्लंड-अमेरिकेत हा विषाणूजन्य कर्करोग पुष्कळ वाढलेला आहे. त्यातले रुग्ण अनेकदा चाळीस-पन्नाशीतले असतात आणि बरे होऊन पुढे वीस-तीस वर्षे जगतात. इतकी वर्षे कोरड्या तोंडाने आणि अडकणाऱ्या घासाने काढायची, म्हणजे लहान शिक्षा नव्हे. म्हणून उपचार सौम्य करता येतील का, याचा तिकडे मनापासून शोध चालला आहे. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते.

पहिला प्रयत्न औषध बदलण्याचा झाला. किरणांबरोबर सिस्प्लॅटिन नावाचे औषध शिरेतून देतात. ते मूत्रपिंडाला आणि कानांना त्रास देते. त्याऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य समजले जाणारे औषध देऊन पाहिले. दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष नेमके तेव्हा, २०१९ च्या आरंभी, छापून आले होते. अमेरिकेतील चाचणीत पाच वर्षांनी जुन्या औषधाचे शंभरात सुमारे पंच्याऐंशी हयात, नव्याचे अठ्ठ्याहत्तर. युरोपातील चाचणीत दोन वर्षांनी जुन्याचे साडेसत्त्याण्णव, नव्याचे एकोणनव्वद. आणि नवल असे, की युरोपातील चाचणीत तीव्र त्रासही काही कमी झाला नाही. सौम्य म्हणून जे घेतले, त्याने जीव अधिक गेले.

दुसरा प्रयत्न किरणांचे माप कमी करण्याचा. पुरे माप सत्तर ग्रे, म्हणजे पस्तीस बैठका, सात आठवडे. ते साठावर आणता येईल का, याच्या चाचण्या चालू होत्या. परंतु त्यात घेताना रुग्णाच्या सिगारेटींचा हिशेब मांडीत. रोज एक पाकीट याप्रमाणे दहा वर्षांहून अधिक ओढली असेल, तर असा रुग्ण त्या चाचणीत बसत नसे. कारण विषाणूच्या जोडीला तंबाखू आला, की रोग तितका शहाण्यासारखा वागत नाही. डॉक्टरबाईंनी ह्यांना विचारले, "गुरुजी, तुम्ही कधी ओढीत होता?" हे खाली पाहून म्हणाले, "तरुणपणी. रोज एक पाकीट. पंधरा वर्षे. धाकटीचा जन्म झाला तेव्हा सोडली." सोडून तीस वर्षे झाली होती, तरी ती पाकिटे हिशेबात उभी राहिली.

"गुरुजी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "चाचणीत माप कमी करतात तेव्हा रुग्ण निवडून घेतात, लेखी संमती घेतात, आणि रोग परत येतो का ते डोळ्यांत तेल घालून पाहतात. मी इथे माझ्या मनाने कमी दिले, तर तो अभ्यास होत नाही, नुसता अंदाज होतो. पायरी पहिली आहे ती पुरे उपचार घेऊन बरे झालेल्यांवरून ठरविलेली आहे. तेच उपचार कमी केले, तर ती पायरी तशीच राहील असे मी कशावरून सांगू?"

ह्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "मग काहीच कमी होणार नाही का?"

"होईल," त्या म्हणाल्या. "रोगाला पुरे माप देऊ आणि शेजाऱ्याला वाचवू." आताच्या यंत्रात किरणांचा झोत वळवून लाळेच्या ग्रंथी पुष्कळ राखता येतात. २०११ साली इंग्लंडमधील अभ्यासात दिसले, की जुन्या रीतीने किरण दिलेल्यांपैकी वर्षानंतर शंभरात चौऱ्याहत्तर जणांचे तोंड बरेच कोरडे राहिले. नव्या रीतीत ते अडतीसवर आले. दुसरे असे, की पूर्वी किरणोपचार संपल्यावर मोठ्या गाठीच्या रुग्णाची मान ठरवूनच उघडीत. २०१६ साली इंग्लंडमधीलच ५६४ रुग्णांच्या अभ्यासाने दाखविले, की तीन महिन्यांनी पेट स्कॅन करावा, आणि गाठ निवली नसेल तरच कापावे. एका गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात फक्त ५४. जगण्यात मात्र फरक पडला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मान न कापण्याचे आपण आज ठरवीत नाही. आपण तीन महिने थांबून ती गाठ काय सांगते ते ऐकू."

त्या दिवशी घरी येताना रिक्षात हे मला म्हणाले, "तुझे अधिक नको आणि माझे कमी नको. आता डॉक्टरबाईंचे माप चालू दे."

मार्चमध्ये उपचार सुरू झाले. आधी दात तपासले. किडलेल्या दोन दाढा काढून टाकल्या, कारण किरणांनंतर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. तोंडाचा मुखवटा तयार केला. तो चढवून टेबलावर निश्चल पडायचे. आपल्याकडे रुग्ण त्याला 'शेक' म्हणतात. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यात घसा आतून सोलला. गुढीपाडव्याला मी कडुलिंब, गूळ घालून प्रसाद हातावर दिला. हे म्हणाले, "अगं, कडूही लागत नाही आणि गोडही लागत नाही." पुढे नाकातून नळी घालून पेज, दूध आणि गाळलेले वरण द्यावे लागले. आंब्याचे दिवस आले आणि गेले. दारावरून आंबेवाला ओरडत गेला, की मी खिडकी लावून घेत असे. मी वॉर्डात शेकडो नळ्या सांभाळल्या, परंतु स्वतःच्या माणसाच्या नळीत पेज सोडताना हात कापतो, हे मला प्रथमच कळले. पस्तिसाव्या दिवशी ह्यांनी तो मुखवटा मागून घरी आणला. अजून माळ्यावर आहे.

बारा आठवड्यांनी पेट स्कॅन झाला. श्रावण लागता लागता अहवाल हाती आला. टॉन्सिल स्वच्छ, गाठी निवलेल्या. मानेला सुरी लागली नाही. मी कापा म्हणून हट्ट धरला होता, ती हीच मान.

आता सहा वर्षांवर काळ लोटला आहे. खोटे सांगणार नाही. ह्यांचे तोंड पुष्कळदा कोरडे पडते, शेजारी पाण्याचा तांब्या लागतो. भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करावी लागते. एका कानाला कमी ऐकू येते. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. आवाज खाली उतरला आहे, वरच्या पट्टीतला अभंग म्हणवत नाही. परंतु गुरुवारच्या भजनात ते बसतात आणि खालच्या सुरात साथ करतात. मधूनमधून रात्री मी त्यांच्या मानेवरून हात फिरवून पाहते. ते झोपल्याचे सोंग करतात.

मागून आणखी बातम्या आल्या. २०२२ साली अमेरिकेत दिसले, की ज्यांचा टॉन्सिल तोंडावाटे शस्त्रक्रियेने काढला आणि गाठींचा धोका मध्यम होता, अशा निवडक रुग्णांना साठाऐवजी पन्नास ग्रे देऊनही दोन वर्षांपर्यंत निभावले. ही आशेची गोष्ट आहे. परंतु २०२४ साली दुसऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. तिच्यात सत्तर ग्रे आणि सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव जण दोन वर्षांनी रोगाशिवाय होते, आणि साठ ग्रे घेतलेल्यांत एकोणनव्वदाच्या आसपास. चाचणी तिथेच थांबविली. ती तर तंबाखू न ओढलेल्या किंवा थोडी ओढलेल्यांचीच होती. मुलाने हे वाचून दाखविले तेव्हा हे म्हणाले, "डॉक्टरबाईंना एक श्रीफळ द्यायला हवे." आम्ही नेऊन दिले.

भगिनींनो, शोध थांबलेला नाही, आणि थांबूही नये. कदाचित आपल्या नातवंडांच्या काळात या रोगाचे माप खरोखरच कमी झालेले असेल, आणि तसे व्हावे ही माझी प्रार्थना आहे. परंतु कोणाला कमी चालेल हे ठरविण्यासाठी किती माणसांनी चाचणीत नाव घातले आणि काहींनी त्याची किंमत मोजली, हे विसरू नये.

आता मंडळाकडे माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, मिश्री. आपल्या वस्तीत अजून किती घरांत तव्यावर तंबाखू भाजून दातांना लावतात, ते आपल्याला ठाऊक आहे. घशाचा असो की तोंडाचा असो, आपल्या महाराष्ट्रात या रोगाचे मोठे कारण तंबाखूच आहे. हळदीकुंकवाच्या वाणात यंदा दंतमंजनाची डबी द्यावी, असे मी सुचविते. दुसरी, सणाला तेल लावताना मानेवरून हात नीट फिरवा. गाठ लागली आणि तीन आठवड्यांत गेली नाही, तर दाढेवर ढकलू नका. एका सुईत काही निघाले नाही आणि गाठ तशीच राहिली, तर पुन्हा तपासा. क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याआधी निदान कशावरून केले, ते विचारा. तिसरी, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एच. पी. व्ही.ची लस द्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून ती वाचविते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ साली सरकारी मान्यता मिळाली आहे.

आणि चौथी. आजाऱ्याच्या खोलीत एक माणूस नेहमी म्हणत असते, "पुरे करा," आणि दुसरे म्हणत असते, "आणखी करा." दोघांचेही बोलणे बहुधा भीतीतून येते. डॉक्टरांना शांतपणे तीन प्रश्न विचारा: हा उपचार केल्याने काय मिळेल? न केल्याने काय जाईल? आणि हे तुम्ही कशावरून सांगता? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

 ह्यांना विचारून, त्यांच्या संमतीनेच हे सारे बोलले आहे. ते आज मागच्या खुर्चीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेले आहेत.